सांगायचं कुणी

कपबशांच्या कारखान्यात तपासणीचं एक खातं होतं आणि त्या खात्याची सुपरवायझर असलेल्या बाईला सगळ्या जणी टिचकी म्हणत. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर कप पुढे, बद्द आला तर मागे. काम सगळ्यांचंच ते होतं, पण हिचं बोट सर्वांत भरभर चालायचं, म्हणून नाव हिला चिकटलं. पुढे बढती मिळाली, टिचक्या मारणं सुटलं, नाव राहिलं.

तिच्याबरोबर एकाच दिवशी कामाला लागलेली दुसरी बाई म्हणजे कात्री. जीभ तशी, म्हणून नाव तसं. दोघी वर्षानुवर्षं एकाच बाकावर शेजारी बसल्या. टिचकी सुपरवायझर झाली तेव्हा कात्री म्हणाली होती, "बरं झालं बाई. आता शिव्या घालायला ओळखीचं माणूस मिळालं."

एके दिवशी मोठ्या साहेबांनी टिचकीला वर बोलावलं. बसायला सांगितलं. त्यांनी बसायला सांगितलं तेव्हाच तिला कळायला हवं होतं. कॅमेऱ्याचं यंत्र येणार होतं. पट्ट्यावरून कप जाणार, कॅमेरा तडे शोधणार, तपासणीचं खातं बंद.

"बायकांना तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल. आणि यंत्रापाशी एक माणूस लागेलच. ते तुम्ही. तुमचं काही काळजीचं कारण नाही."

काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. कंपनी तुमच्या कामाची कदर करते. हा निर्णय कुणाच्या कामावर नाही, काळावर आहे. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. टिचकीने जिन्यावरून उतरता उतरता ते घोकलं. खाली सगळ्या जणी हात थांबवून उभ्या होत्या. समोरच्या भिंतीवर पंख्याचं बटण होतं, त्याच्याकडे बघत तिने सगळं सांगितलं. एकही शब्द चुकला नाही.

कोणी रडलं, कोणी पुटपुटलं. कात्रीने अंगातला एप्रन काढला, व्यवस्थित घडी घातली आणि टिचकीच्या हातात ठेवला. जिची जीभ आयुष्यात कधी गप्प बसली नाही, तिने एक शब्द काढला नाही.

यंत्र आलं. त्याच्याशी टिचकीची ओळख होते न होते तोच ते बसवणाऱ्या कंपनीने आपलाच एक माणूस दिला, आणि टिचकीला पुन्हा वर बोलावणं आलं. या वेळी मोठे साहेब नव्हते. कोवळ्या वयाचा एक अधिकारी होता, पहिल्यांदाच असं काही सांगत असावा. कंपनी तुमच्या कामाची कदर करते, तो म्हणाला. पुढचं वाक्य टिचकीला माहीत होतं. त्याच्या पुढचंही. शेवटाला तो अडखळला. "पुढच्या... पुढच्या..."

"वाटचालीसाठी शुभेच्छा," टिचकी म्हणाली.

"थँक यू," तो म्हणाला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, भाजी चिरायला घेतली आणि चिरली. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. उंच इमारतींच्या अंधाऱ्या भुयारात लोंबकळणाऱ्या तारांना तेल घालणारा माणूस, पण घरात या बाईसमोर काय बोलावं ते त्याला सुचेना. ती रडेल, चिडेल, साहेबांचा उद्धार करेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा काढल्यासारखा वाटतो, तशी ती झाली होती. सगळी.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठायची, आंघोळ करून कपडे करायची आणि पलंगाच्या कडेला बसायची. मग आठवायचं, आता कामावर जायचं नाही. मग उठून फरशी पुसायची. पुसून झाली की बादली रिकामी करायची, भरायची आणि परत पुसायची. नवरा रात्री जेवताना गमतीच्या गोष्टी सांगायचा. कुठल्या इमारतीत लिफ्ट अडकली आणि आतल्या नवरा-बायकोचं भांडण बाहेर उभं राहून सगळ्या मजल्यांनी कसं ऐकलं. ती योग्य जागी "हो का" म्हणायची. त्या "हो का"ला तो फार घाबरायचा.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. एक दार मिटलं की दुसरं उघडतं. तुम्ही ना, आता स्वतःसाठी जगा." टिचकीने फोन ओट्यावर ठेवला आणि वाटाणे सोलत बसली. नणंद बोलत होती तोवर सगळे वाटाणे सोलून झाले. शेवटी फोनमधून "बरं वाटलं ना बोलून?" असं ऐकू आलं, तेव्हा तिने फोन उचलला आणि "खूप" म्हणाली.

नोकरी शोधायला ती गेली नाही असं नाही. काचसामानाच्या एका दुकानात बाई हवी होती. मालक म्हणाला, "कामाचं तुम्हाला सगळं माहीत आहे, पण गिऱ्हाइकाशी हसून बोलावं लागतं. जरा हसून दाखवा." तिने ओठ फाकवले. मालकाने तिच्याकडे बघितलं आणि कळवतो म्हणाला. दुसऱ्या एका ऑफिसात पॅकिंगच्या कामासाठी मुलाखत होती. समोरच्या मुलीने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" टिचकीने खरोखरच विचार केला. "घरी," ती म्हणाली. तिथूनही कोणी कळवलं नाही.

घरात दिवसभर दोघंच असत, ती आणि सासरे. सासऱ्यांना ती मामंजी म्हणे. मामंजींनी जन्मभर एका नाट्यगृहाच्या दारावर रात्रपाळीची राखणदारी केली होती. आता म्हातारपणी दिवसाउजेडी जागं राहणं त्यांना नवं होतं, आणि ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांवर उगाच पहारा ठेवायचे. सून घरी बसल्यापासून त्यांनी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

एकदा चहा उकळत होता. टिचकीने पातेलं उतरवलं आणि कप शोधत ते तसंच हातात धरून उभी राहिली. मामंजी दारातून बघत होते.

"सांडशी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

तिने हाताकडे बघितलं. नुसत्या बोटांनी धरलं होतं. पातेलं खाली ठेवलं तेव्हा बोटांच्या पेरांवर पांढरे पट्टे उठले होते.

"भाजलं?"

"भाजलं असेल," ती म्हणाली.

मामंजींनी तिचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. सुनेचा हात त्यांनी आजवर धरला नव्हता. पाणी वाहत होतं, दोघं नळाकडे बघत होती. मग तिला खुर्चीवर बसवून त्यांनी स्वतः चहा गाळला. निम्मा बशीत, निम्मा ओट्यावर.

"तुझी ती कात्री," ते म्हणाले, "मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागली. बाजारात तुमच्यातली एक भेटली होती, ती सांगत होती. तिथे अजून माणसं घेतात म्हणे."

"असेल."

"जाऊन ये तिच्याकडे."

"कोणत्या तोंडाने जाऊ? तिला मी काढलं."

"तू काढलंस? कारखाना तुझ्या बापाचा होता?"

"सांगितलं मीच ना."

"मग आता विचारायलाही तूच जा."

"ती हाकलून देईल, मामंजी."

"देईल की. परतीचा रस्ता माहीत आहे ना तुला? मग अडलंय कुठे?"

पहिल्यांदा ती कात्रीच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत गेली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. बातम्या संपेपर्यंत ती उभी राहिली आणि परत आली. कात्री घरी नव्हती, असं तिने सांगितलं. मामंजी "बरं" म्हणाले. दुसऱ्यांदा ती दारापर्यंत गेली. दारावर थाप मारायला हात उचलला, आणि आतून कात्रीचं खळाळून हसणं ऐकू आलं. ती परत फिरली. "आजही नव्हती का?" मामंजींनी विचारलं. "नव्हती," ती म्हणाली. "फार फिरते बुवा ती," मामंजी म्हणाले.

तिसऱ्यांदा तिने थाप मारली. धीर आला होता अशातला भाग नाही. धीर कधी येईल याची वाट बघत बसलं तर म्हातारपण येईल, एवढं तिला कळलं होतं. शिवाय बधिर माणसाची एक सोय असते. सुईचा असर उतरायच्या आत दाढ काढून घेतलेली बरी.

कात्रीने दार उघडलं. तिने केसांना कलप लावला होता आणि डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. कपाळावर एक काळा ओघळ. अशा अवस्थेत कुणाला हाकलून देणंही अवघड असतं.

"तू," ती म्हणाली.

"मी."

"उभी का? ये. कलप लागेल कशाला तरी, हात लावू नकोस."

टिचकी खुर्चीच्या काठावर बसली. कात्री समोर उभीच राहिली. पाणी नाही, चहा नाही.

"तुझंही गेलं म्हणे."

"हो."

"ऐकलं तेव्हा मी हसले. खोटं कशाला बोलू? पोट धरून हसले. मग रात्री जेवण गेलं नाही."

टिचकीने मान हलवली.

"राग कशाचा आला सांगू?" कात्री म्हणाली. "काढल्याचा नाही. ते वरच्यांनी ठरवलं, तू काय करणार? पण तू सांगताना आमच्याकडे बघितलं नाहीस. त्या बटणाकडे बघत होतीस. इतकी वर्षं शेजारी बसले मी तुझ्या. पंख्याच्या बटणाइतकीही नव्हते?"

"बघितलं असतं तर बोलता आलं नसतं."

"मग नसतं बोलायचं."

ओघळ आता भुवईपर्यंत आला होता. टिचकीने बोट केलं. कात्रीने बाहीने पुसला, बाही काळी झाली. तिने त्या बाहीला एक सणसणीत शिवी दिली.

"लाँड्रीत जागा आहे असं कळलं," टिचकी म्हणाली. "म्हणून आले. माफी मागायला नाही आले. मागते, पण त्यासाठी नाही आले."

कात्रीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "हे खरं बोललीस," ती म्हणाली. "उद्या सकाळी मागच्या फाटकाने ये. प्रमुख बाईंना भेट. मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही आणि तुझ्याविरुद्धही बोलणार नाही. आता जा, मला डोकं धुवायचंय."

हॉस्पिटलची लाँड्री तळघरात होती. ओळीने मोठाले ड्रम, वाळवणीच्या यंत्रांची घरघर, भिंतींना वाफेचा घाम. वरच्या मजल्यांवर लोक जन्मत होते, मरत होते. खाली त्यांच्या चादरी येत. प्रमुख बाई आवाजाने लहान आणि कामाने कडक होत्या. त्यांनी टिचकीला दोनच प्रश्न विचारले, उभं राहवतं का आणि रक्त बघवतं का. दोन्हीला ती हो म्हणाली.

चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. ताणायचं, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं. टोकं जुळवायची, मागे जायचं आणि परत यायचं. ज्या बाईला जोडीदारीण नव्हती ती कात्रीच होती, कारण तिच्या जिभेपुढे कोणी टिकत नसे. त्यामुळे टिचकी तिच्या वाट्याला आली. कित्येक आठवडे कात्री तिच्याशी तीनच शब्द बोलली. "ओढ." "वर." "झालं." टिचकीची तक्रार नव्हती. दिवसभर ती चालत जायची आणि चालत यायची. घरी जाऊन जेवायची आणि झोपायची. फरशी दोनदा पुसायची ताकद उरत नव्हती, एवढाच फरक. नवऱ्याने विचारलं, "बरं वाटतंय का आता?" तिने आत डोकावून बघितलं. "काही वाटत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

काही महिन्यांनी लाँड्रीच्या सुपरवायझर निवृत्त झाल्या. प्रमुख बाईंनी टिचकीला बोलावलं. तिला अनुभव होता, कागदावर तसं लिहिलेलं होतं. जागा घ्याल का?

टिचकी उभीच राहिली. "एक अट आहे," ती म्हणाली. आपल्या तोंडून अट निघते आहे याचं तिलाच नवल वाटलं. "कधी कुणाला कामावरून काढायचं ठरलं, तर ते तुम्ही स्वतः खाली येऊन सांगायचं. मी सांगणार नाही."

प्रमुख बाई थोडा वेळ पेन हातात फिरवत राहिल्या. "विचार करते," त्या म्हणाल्या.

विचार करून त्यांनी ती जागा कात्रीला दिली.

टिचकीला हे कळलं तेव्हा ती हातमोजे काढत होती. कात्रीने येऊन सांगितलं, सरळ तिच्याकडे बघून. "मला दिली. मी घेतली."

"अट घातलीस का काही?"

"कसली अट? काढायचं झालं तर सांगेन मी. पण बघून सांगेन."

टिचकी "अभिनंदन" म्हणाली आणि घरी आली. दारात चप्पल काढली ती एक इकडे, एक तिकडे. नवरा चहा घेत होता. "जागा तिला," ती म्हणाली. "तिला! जिला वेळेचं भान नाही, जिची घडी मला रोज सरळ करावी लागते! आणि मी एक वाक्य बोलले तर मी आडमुठी! त्या बाईंना काय, खाली कशाला उतरायचं, पायांना मेंदी लागलीय! आणि तुम्ही काय बघताय नुसते?"

नवरा नुसता बघत होता. कपाटाचं दार आपटलं, पाण्याचा तांब्या आपटला. ती बोलत राहिली. साहेबांवर, कॅमेऱ्यावर, त्या कोवळ्या अधिकाऱ्यावर, नणंदेवर, पाच वर्षांनी कुठे बघता विचारणाऱ्या मुलीवर. मग ती ओट्याला टेकून ढसाढसा रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सगळं दुखत होतं, एकदम, जागच्या जागी.

मामंजी खिडकीतून उठून आले. "काय झालं?" त्यांनी मुलाला हळूच विचारलं.

"भांडतेय," नवरा म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "चांगलं भांडतेय."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि कात्रीने लावलेलं पाळ्यांचं वेळापत्रक कसं चुकलं आहे ते तिला सगळ्यांसमोर सांगितलं. कात्रीने तिला दोन सुनावल्या. तिनेही परत दोन सुनावल्या. वेळापत्रक बदललं गेलं. त्या दिवसापासून तीन शब्दांचे तीनशे झाले.

पुढल्या साली वरून हुकूम आला. खर्च कमी करायचा होता, वाळवणीवरच्या दोन बायका कमी करायच्या होत्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कात्री टिचकीच्या शेजारी येऊन बसली. डबा उघडला नाही.

"मला सांगायला सांगितलंय," ती म्हणाली.

"बघून सांगणार होतीस ना?"

"म्हणाले होते. तोंड काय, काहीही बोलतं." ती डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होती. "सकाळपासून दोनदा गेले त्यांच्याजवळ. एकीला म्हटलं, आज उकडतंय. दुसरीला म्हटलं, साबण संपलाय का."

टिचकीला टोचून बोलता आलं असतं. मनात आलंही. जेवण अर्धं टाकून ती उठली. "चल."

"कुठे?"

"प्रमुख बाईंकडे."

प्रमुख बाईंच्या खोलीत टिचकीच बोलली. नजर समोर होती. "निर्णय तुमचा आहे, तो आम्ही बदलू शकत नाही," ती म्हणाली. "पण सांगायला तुम्ही खाली या. आम्ही दोघी तुमच्या बाजूला उभ्या राहतो. एकटीने सांगायची ही गोष्ट नाही. मी सांगितली आहे, म्हणून म्हणते."

"मी आले नाही तर?"

"तर आम्हीही सांगणार नाही. मग आणखी दोन नावं लिहा."

कात्रीने चमकून तिच्याकडे बघितलं, पण मागे सरकली नाही.

प्रमुख बाई खाली आल्या. वाफेत त्यांचा चष्मा धुरकटला, म्हणून त्यांनी तो काढला. वाळवणीवरच्या दोघींना त्यांनी आपल्या लहान आवाजात सांगितलं, घोकलेलं काही नव्हतं. एक जण मटकन खाली बसली. दुसरी म्हणाली, माझं काय चुकलं? टिचकी तिच्याकडे बघत होती आणि तिला ते बघणं सोसत नव्हतं, तरी ती बघत राहिली. कात्रीने खाली बसलेलीला धरून उठवलं. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. एकीला पुढे वॉर्डात काम लागलं. दुसरी गाव सोडून बहिणीकडे गेली, तिचं पुढे काय झालं कळलं नाही.

संध्याकाळी दोघी बसथांब्यावर उभ्या होत्या.

"सोपं नसतं गं," कात्री म्हणाली.

"नाही."

बस आली. आत जागा एकच होती. टिचकीने कात्रीकडे बघितलं, कात्रीने टिचकीकडे, आणि कात्री झपकन जाऊन बसली.

"सुपरवायझर आहे मी," ती म्हणाली, आणि टिचकीची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.